पी०१३५ : ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं वायरिंग, प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२४

दाजी गाडी सोडून गेले. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, पुणे पासिंग, बीएस-४, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट टाकलेलं. तक्रार एकच, चेक इंजिनची लाइट. मार्चमध्ये एका गॅरेजात पुढचा ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजणारा; पुढचा म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, मागचा त्याच्या नंतरचा) बदलला, कोड (बिघाडाचा नंबर) उडवला, गाडी ताब्यात दिली, आणि थोड्याच दिवसांत लाइट परत हजर. परत दाखवायला नेली तर म्हणे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. दाजी म्हणाले, "ईसीयू टाकण्यापेक्षा गाडीच काढून टाकतो मी. तू एकदा बघ की, तुझ्याकडं मीटर-बिटर आहे ना सगळं."

बघूया म्हणलं.

साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला. पी०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरचं हीटर सर्किट. बाकी एकही कोड नाही. मागच्या सेन्सरच्या हीटरचा पी०१४१ पण नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो कारण पुढं कामाला येणारे. फ्रीझ फ्रेममध्ये (कोड पडला त्या क्षणाची ईसीयूनं ठेवलेली नोंद) कूलंट ३४ अंश, गाडी जागेवर उभी, म्हणजे सकाळी सेल्फ मारल्यावर लगेचच ईसीयूला काहीतरी खटकलंय. आणि हा कोड बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन ट्रिपमध्ये दिसला तरच लाइट लागते, त्यामुळं कोड उडवून गाडी हातात दिली की गिऱ्हाईक गेटबाहेर जाईपर्यंत सगळं झकास असतं.

हीटर कशाला लागतो ते थोडक्यात. सेन्सरच्या आत झिर्कोनियाचा तुकडा असतो, तो साधारण ३०० अंशाच्या वर गेल्याशिवाय सिग्नलच देत नाही. बॉशनं १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा हा सेन्सर दिला तेव्हा त्याला हीटर नव्हता, सायलेन्सरच्या धुरानंच तो तापायचा, हीटरवाला आला १९८२ ला. आता हीटर त्याला अर्ध्या मिनिटात कामाला लावतो. हीटर नसला तर ईसीयू तोपर्यंत अंदाजपंचे पेट्रोल सोडत बसतो, ॲव्हरेज पडतं आणि ट्रॅफिकमध्ये हळू चालताना सेन्सर परत थंड पण होऊ शकतो.

७ जुलै

रविवार, सकाळी पाऊस उघडलेला होता तेवढ्यात बोनेट उघडलं.

पुढच्या सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडला. चार वायरी, दोन काळ्या, एक निळी, एक पांढरी. म्हणजे डेन्सोचे रंग, दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी सिग्नलची अर्थ. बॉशच्या सेन्सरमध्ये मात्र दोन पांढऱ्या हीटरच्या असतात आणि काळी सिग्नल, करडी अर्थ. युनिव्हर्सल सेन्सर आणून रंगाला रंग जोडणारे लोक इथंच मरतात. हा सेन्सर कपलरसकट आलेला आहे, कापाकापी नाही, बरं झालं.

मीटर ओहमवर टाकला, दोन काळ्यांत ५.९ ओहम, इंजिन पूर्ण थंड. अशा चार वायरच्या सेन्सरमध्ये थंड हीटर ५ ते १५ ओहमच्या आसपास कुठंतरी असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलात, आणि ह्याचं ५.९ त्यात नीट बसतं. प्रत्येक काळी वायर आणि सेन्सरची बॉडी यात काहीच दाखवत नाही, म्हणजे आत शॉर्ट नाही. सेन्सर चांगला आहे, नवाच तर आहे.

आता गाडीकडची बाजू. इग्निशन ऑन, कपलरच्या सप्लाय पिनवर लाल प्रोब, काळा बॅटरीच्या निगेटिव्हला. १२.३ व्होल्ट. बॅटरीवर १२.४. बहुतेक गॅरेजात तपासणी इथंच संपते, सप्लाय आहे, सेन्सर नवा आहे, मग राहिला ईसीयू.

पण मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स दहा मेगाओहमच्या घरात, तो वायरीतनं करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल. एका केसाएवढ्या तारेवर लोंबकळणारा जॉइंट पण मीटरला बारा व्होल्ट दाखवतो. हीटरला थंड असताना दोन अँपिअरच्या वर लागतात. तेवढा लोड टाकून बघितल्याशिवाय त्या १२.३ ला काही अर्थ नाही.

म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला, होल्डरला दोन वायरी आणि टोकाला बारीक पिना. हा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे हीटरच्या जवळपासचा लोड. बल्ब कपलरमध्ये हीटरच्या जागी लावला, एक टोक सप्लाय पिनवर, दुसरं ईसीयूकडं जाणाऱ्या कंट्रोल पिनवर, आणि गाडी चालू केली.

बल्ब लागला, पण कसा, नुसती लालसर तार दिसत होती.

मग दोन चाचण्या लागोपाठ. पहिली, बल्बचं ईसीयूकडचं टोक काढून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, सप्लाय तोच ठेवला. तसाच मंद. दुसरी, सप्लायचं टोक काढून थेट बॅटरी पॉझिटिव्हला, आणि दुसरं टोक परत ईसीयूच्या कंट्रोल पिनवर. फटकन पांढरा उजेड, आणि थोड्या वेळानं किंचित थरथरायला लागला, म्हणजे ईसीयू पल्स देऊन ताकद कमी-जास्त करतोय. ज्याला मेलेला म्हणून सांगितलं होतं तो ईसीयू दोन अँपिअर व्यवस्थित खेचतोय. दाजींना तिथूनच फोन केला, म्हणलं ईसीयूचा विषय डोक्यातनं काढा.

बल्ब परत सप्लाय पिन आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये ठेवून व्होल्ट मोजले. बॅटरीवर १३.९, सप्लाय पिनवर ८.१. पावणेसहा व्होल्ट वाटेत कुठंतरी गळतायत.

पुढं शोधणार होतो तर सातारी पाऊस, बोनेट बंद.

१० जुलै

ऑफिसातनं आल्यावर वायरिंग डायग्राम बघत बसलो. हीटरची वाट अशी : मेन रिले, १५ अँपिअरचा फ्यूज, तिथनं एक वायर निघते आणि हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) दोन फाटे होतात, एक पुढच्या सेन्सरला, एक मागच्या. दोन्ही हीटरचं निगेटिव्ह वेगवेगळं ईसीयूत. मागच्याचा कोड नाही, म्हणजे रिले, फ्यूज आणि फाट्यापर्यंतची वायर बाद करायला हरकत नाही. राहिला फक्त फाट्यापासून पुढच्या कपलरपर्यंतचा तुकडा.

आणि एक हिशेब. ६ ओहमच्या हीटरला १४ व्होल्ट नीट मिळाले तर थंड असताना ३३ वॅटच्या आसपास. वाटेत ४ ओहम घुसले की करंट १.४ अँपिअर आणि हीटरवर जेमतेम १२ वॅट. म्हणजे तापतो, पण रडतखडत. म्हणूनच पी०१३५ आलाय, पी००३१ नाही. वायर पूर्ण तुटली असती तर ईसीयूला कंट्रोल पिनवर व्होल्टेज दिसलंच नसतं आणि लो वाला (म्हणजे व्होल्टेज कमी सांगणारा) पी००३१ पडला असता. इथं व्होल्टेज दिसतंय, करंट पुरत नाही.

१४ जुलै

सापडलं.

पद्धत साधी पण संयम लागतो. बल्बचा लोड चालू ठेवायचा, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला कायमचा अडकवून ठेवायचा आणि दुसरा सप्लायच्या वाटेनं पुढं पुढं सरकवत जायचं. वायरीचं इन्सुलेशन टोचायचं नाही, पावसाळ्यात त्याच भोकातनं पाणी शिरतं आणि वर्षभरानं दुसरा फॉल्ट तयार होतो, मी कपलरच्या मागच्या बाजूनं टाचणी घालून मोजतो. फ्यूजच्या अलीकडं ०.०६, फ्यूजच्या पलीकडं ०.०९. पुढच्या सेन्सरच्या कपलरवर ५.८. मधे हार्नेस बॅटरीच्या ट्रेखालनं जातो, तिथं हात घातला तर नळीच्या आत एक जाडसर गाठ लागली.

बॅटरी आणि ट्रे काढला. कंपनीच्या हार्नेसला कापडी टेप असते, ह्या गाठीवर चकचकीत पीव्हीसी टेप, उन्हाळ्यात वितळून गुळासारखी चिकट झालेली, बोटाला काळं लागत होतं. टेप सोलली तर आत तीन वायरी नुसत्या पिळलेल्या, ना सोल्डर ना क्रिम्प. फाट्याकडनं येणारी, सेन्सरकडं जाणारी, आणि तिसरी पिवळी जी कंपनीची नाहीच, ती गेली होती सीएनजी किटच्या ईसीयूला. किटवाल्यानं इग्निशन ऑनचा सिग्नल हवा म्हणून जवळची वायर कापून तिथंच पीळ मारलेला. पीळ सोडवायला गेलो तर सेन्सरकडच्या वायरीचे बरेचसे धागे बोटात हिरवी पूड होऊन आले, तीन-चार धाग्यांवर सगळं चाललं होतं आणि तेही काळे पडलेले.

किटला त्या वायरीतनं फक्त सिग्नल लागतो, करंट जवळपास शून्य, त्यामुळं किट वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. लोड होता तो फक्त हीटरचा, आणि त्याचीच वायर सडली.

बॅटरीतनं पाण्याची वाफ, ॲसिड, त्यात ट्रेखाली साचणारा चिखल, पिळलेला जॉइंट ठेवायला ह्याच्यापेक्षा वाईट जागा गाडीत शोधून सापडायची नाही.

१७ जुलै

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, सुट्टी. घरात साबुदाणा, अंगणात मी.

दोन्ही बाजूंनी वायर मागं मागं कापत गेलो, जोपर्यंत तांबं लाल आणि स्वच्छ दिसत नाही तोपर्यंत. सेन्सरकडच्या बाजूला चांगलं वीतभर कापावं लागलं, काळपटपणा आत पळत जातो. मधे नवीन एक स्क्वेअर एमएमची ऑटो वायर टाकली, बट कनेक्टर, दाबायला रॅचेटचा क्रिम्पर, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. घरगुती वायरिंगची वायर वापरू नका, इंजिनच्या उष्णतेत तिचं कव्हर टिकत नाही. किटची पिवळी वायर इथनं हद्दपार, तिला केबिनमधल्या फ्यूज बॉक्सातनं इग्निशनवर येणारा वेगळा टॅप दिला, एक अँपिअरचा स्वतःचा फ्यूज लावून.

सोल्डर का नाही असं शेजारच्या वायरमन मित्रानं विचारलं. गाडीच्या हार्नेसवर नीट सोल्डर चालतं, वाद नाही, फक्त हलणाऱ्या जागी सोल्डर जिथं संपतं तिथं वायर मोडते. पण सेन्सरच्या स्वतःच्या वायरीला मात्र सोल्डर नकोच. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरीच्या धाग्यांमधल्या फटीतनं आत जाते. सोल्डर, ग्रीस, कॉन्टॅक्ट क्लीनर, काहीही त्या वाटेत गेलं की चांगला सेन्सर चुकीचं बोलायला लागतो. त्याला हे नवीन होतं, कपलरमध्ये सढळ हातानं स्प्रे मारायची त्याला सवय.

लोड टेस्ट परत. बल्ब लावून बॅटरी पॉझिटिव्ह ते सप्लाय पिन ०.१२ व्होल्ट, बल्ब ढणढणीत. सेन्सर जोडला, सप्लाय वायरीला डीसी क्लॅम्प मीटर अडकवला, गाडी थंडच होती. सुरुवातीला ईसीयू हात आखडता ठेवतो, कारण सायलेन्सरमध्ये रात्रीचं पाणी असतं आणि तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर तडा जातो. मग करंट २.२ वर गेला आणि हळूहळू उतरत ०.९ ला स्थिरावला. तापला की हीटरचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून हा उतार दिसायलाच पाहिजे. करंट पहिल्यापासून एकाच आकड्यावर अडकून बसला तर शंका घ्यायची.

मार्चमध्ये काढलेला जुना सेन्सर दाजींनी डिकीतच ठेवलेला निघाला. उत्सुकता म्हणून मोजला, ६.१ ओहम. पक्कडीत धरून बॅटरीवर लावला, मधे अँपिअर मीटर, मिनिटभरात टोकाजवळ हात नेववेना. चालू सेन्सर काढून नवा घातला होता. दाजी म्हणाले, "म्हणजे त्यानं फसवलं का आपल्याला?" मी म्हणलं, फसवलं असं नाही अहो, स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर एवढंच वाचलं जातं आणि त्यापुढं लिहिलेलं हीटर सर्किट कुणी वाचत नाही, बल्ब लावायला पाच मिनिटं लागतात पण ती पाच मिनिटं बिलात दाखवता येत नाहीत.

२१ जुलै

रोज सकाळी थंड स्टार्ट करून दाजी गाडी वापरतायत, आज मी स्वतः घेऊन यवतेश्वरच्या घाटानं कासच्या रस्त्याला निम्म्यापर्यंत जाऊन आलो, धुकं एवढं की पुढचा बंपर दिसेना, लाइव्ह डेटा मोबाइलवर रेकॉर्डला टाकलेला. सेल्फ मारल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत पुढच्या सेन्सरचा सिग्नल ०.१ ते ०.८ व्होल्टमध्ये वरखाली उड्या मारायला लागला, लगेच क्लोज्ड लूप, म्हणजे ईसीयू सेन्सर बघून पेट्रोल सोडायला लागला. दुरुस्तीआधीच्या रेकॉर्डिंगमध्ये हाच सिग्नल दोन मिनिटं ०.४५ च्या आसपास मेल्यासारखा सरळ होता. मागच्याचा सिग्नल संथ, ०.६ ते ०.७, म्हणजे कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पण ठीक आहे. ऑक्सिजन सेन्सर हीटरचा मॉनिटर (ईसीयूची स्वतःची तपासणी) कम्प्लीट दाखवतोय, पेंडिंग कोड नाही.

गाडी दाजींना परत.

३ ऑगस्ट

एक बरं झालं की दुसरं येतंच. गल्लीतल्या काकांची सेडान. तिला पी००३१ आणि पी००३७ दोन्ही एकदम, पुढचा लो आणि मागचा लो. काकांना कुणीतरी सांगितलं की दोन्ही सेन्सर गेले. दोन हीटर एकाच दिवशी एकाच वेळी मरत नाहीत, आणि दोघांत सामाईक असतो तो सप्लाय.

लो आणि हाय समजून घेतलं की अर्धं काम होतं. ईसीयू हीटरला निगेटिव्ह बाजूनं चालू-बंद करतो. ईसीयूनं सोडलेलं असताना कंट्रोल पिनवर हीटरमधून येणारं बारा व्होल्ट दिसायला पाहिजे. नाही दिसलं तर लो : फ्यूज उडाला, वायर तुटली, हीटर ओपन झाला किंवा कंट्रोल वायर बॉडीला लागली. आणि ईसीयूनं खेचलेलं असताना पण पिन वरच राहिली तर हाय, म्हणजे बहुतेक कंट्रोल वायर कुठंतरी पॉझिटिव्हला चिकटलीय.

फ्यूज बघितला, उडालेला. काका म्हणाले पेट्रोल पंपाजवळच्या मेकॅनिकनं नवा टाकून दिलेला, स्पीडब्रेकरवर परत गेला. आणि तो ३० अँपिअरचा टाकू का विचारत होता. नको म्हणाले तेच नशीब, नाहीतर फ्यूज वाचला असता आणि हार्नेस पेटला असता.

४ ऑगस्ट

फ्यूजवर फ्यूज जाळण्यात अर्थ नाही. फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब लावला, दोन स्पेड टर्मिनल सॉकेटमध्ये. आता शॉर्ट झाला तरी करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणारच नाही, बल्ब फक्त पेटेल. गाडी चारही बाजूनं स्टँडवर, इग्निशन ऑन पण इंजिन बंद, म्हणजे ईसीयू हीटर खेचत नाहीये आणि बल्ब विझलेला पाहिजे. विझलेला होता. त्या फ्यूजवर दुसरं काही असेल, एखादा व्हॉल्व्ह वगैरे, तर बल्ब अंधुक लागू शकतो, ते डायग्रामवर आधी बघून घ्यायचं.

काकांना पुढं बल्बकडं बघत बसवलं आणि मी खाली घुसून हार्नेस हलवायला लागलो. पुढचा सेन्सर हलवला, काही नाही. फायरवॉलपाशी हलवला, काही नाही. मागच्या सेन्सरची शेपटी, म्हणजे त्याच्या वायरी, हातात धरून सायलेन्सरच्या बाजूला ढकलली तर वरून काका ओरडले, "लागला लागला! गेला. परत लागला!"

शेपटी बॉडीला धरून ठेवणारी क्लिप तुटलेली, वायर लोंबत सायलेन्सरच्या पाइपला टेकलेली, हीटरच्या पॉझिटिव्ह वायरीचं कव्हर दोन ठिकाणी वितळून तांबं उघडं. खड्डा आला की टेकणार, फ्यूज उडणार, आणि फ्यूज दोन्हीला एकच म्हणून कोड दोन. ह्या सेन्सरचा हीटर मोजला, ९.२ ओहम, शाबूत. धागे तुटलेले नाहीत, फक्त कव्हर गेलंय, त्यामुळं वायर न कापता कपलरच्या पिना काढून वरून काच-धाग्याची स्लीव्ह चढवली. साधी हीट श्रिंक इथं टाकली तर पाइपच्या शेजारी महिनाभर पण टिकायची नाही.

नवा १५ चा फ्यूज, दोन्ही कोड उडवले, गल्लीतला प्रत्येक स्पीडब्रेकर मुद्दाम जोरात घेतला, काका कळवळले पण फ्यूज शाबूत.

११ ऑगस्ट

दाजींचा फोन, लाइट नाही, पेट्रोलवर ॲव्हरेज जरा बरं वाटतंय म्हणतात, पण ते टाकी टू टाकी मोजत नाहीत त्यामुळं त्यांच्या वाटण्यावर आकडा लिहीत नाही. सप्टेंबरमध्ये पीयूसी आहे, तेव्हा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि लॅम्डाची (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) पावती पाठवा म्हणून सांगितलंय, इथं चिकटवेन.

काकांच्या गाडीची ती क्लिप सुटी मिळत नाही, पार्टच्या दुकानात ब्रॅकेटसकटच घ्या म्हणतात. तोपर्यंत स्टीलच्या केबल टायनं शेपटी वर बांधून ठेवलीय, पाइपपासून चांगलं चार बोटं अंतर आहे. ब्रॅकेट ऑर्डर केलंय, गुरुवारपर्यंत यायला पाहिजे.